कृष्णाकाठ दहा शीटमध्ये: सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० नकाशे कितपत कामाचे?

कृष्णा नुसती बघायची तर भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पुरे. ती वाचायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटला पर्याय नाही. फक्त एका शीटवर भागत नाही, महाबळेश्वरपासून नरसोबावाडीपर्यंत दहा लागतात. दहाही शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट चटकन कळते: खोऱ्याचा डोंगराकडचा भाग या नकाशात जितका नेमका उतरलाय, तितकाच खालचा सपाट भाग हातून निसटलाय. आणि लोक कृष्णाकाठ म्हणतात तो नेमका हाच खालचा भाग. तेव्हा घ्यावा का, तर जरूर घ्यावा, पण सोबत पेन्सिल ठेवावी.

आधी शीट कुठल्या घ्यायच्या ते. जुन्या क्रमांकपद्धतीत ४७ ही चार अंश लांब, चार अंश रुंद अशी मोठी चौकट. तिचे एकेका अंशाचे ए ते पी असे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या सोळा शीट. अक्षरं आणि आकडे वरून खाली उतरतात आणि मग पुढच्या रकान्यात जातात. पहिल्यांदा शीट निवडणारा इथेच हमखास चुकतो. ४७ के/३ च्या उजवीकडे के/४ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात के/४ खाली असते आणि उजवीकडे के/७. नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत गेलं तर क्रम असा लागतो: महाबळेश्वरची ४७ जी/९, वाईची जी/१३, मग के/१ चा डावीकडचा खालचा कोपरा, संगम माहुलीची के/२, उंब्रज-कराडची के/३, कराडच्या दक्षिणेची के/४, वाळव्याची के/८, भिलवडी-औदुंबरची एल/५, सांगली-मिरजेची एल/९ आणि नरसोबावाडी-कुरुंदवाडची एल/१०. कोयना, वारणा आणि पंचगंगाही उगमापासून धरायच्या म्हटल्या तर हा आकडा विसाच्या आसपास जातो.

चौकटीच्या कडा गावं बघून आखलेल्या नसतात, त्याचा त्रास साताऱ्यात होतो. ७४ अंशांचं रेखावृत्त शहरावरूनच जातं, त्यामुळे निम्मा सातारा जी/१४ मध्ये आणि निम्मा के/२ मध्ये. नदीला जी/१४ ची गरज नाही, पण अजिंक्यतारा आणि शहराचा पश्चिमेकडचा भाग हवा असेल तर ही अकरावी शीट घ्यावी लागते. कोल्हापूरचंही तेच, शहराचा पूर्वेकडचा भाग एल/२ मधून सुटून एल/६ मध्ये पडतो.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर विभागाचे नकाशे दोन मालिकांत निघतात. एक संरक्षण दलांसाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. आपल्याला मिळते ती खुली मालिका. तिचे क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, आपल्या भागासाठी ई ४३ ने सुरू होणारे. २०१७ साली, विभागाला २५० वर्षं झाली तेव्हा, या शीट पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घ्यायची सोय सुरू झाली. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, भारताच्या नकाशावरची चौकट निवडायची आणि फाइल उतरवायची. एका शीटमागे एक असं शांतपणे करावं आणि प्रत्येक फाइलचं नाव लगेच बदलून त्यात जुना क्रमांक आणि गाव घालावं. दहा फाइली एकसारख्या नावांच्या जमल्या की कुठली कुठे जोडायची हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

छपाईत सगळ्यात जास्त माती होते. १:५०,००० म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. आपल्या अक्षांशावर पंधरा मिनिटांची चौकट साधारण साडेसव्वीस किलोमीटर रुंद आणि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच भरते, म्हणजे कागदावर ५३ बाय ५५ सेंटिमीटर, शिवाय समासातली सूची. हे ए-१ कागदावर नीट बसतं. झेरॉक्सवाल्याकडे ए-३ वर काढलं तर नकाशा निघतो, पण प्रमाण जातं. समोच्च रेषांचे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, आकडे तर भिंगाखालीही लागत नाहीत. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर छापायला सांगायचं. छापून झाल्यावर तळाच्या मोजपट्टीवर फूटपट्टी ठेवायची. पाच किलोमीटरला बरोबर दहा सेंटिमीटर आले पाहिजेत. दोन मिलिमीटरचा फरक एका शीटवर दिसत नाही, दहा शीट चिकटवताना सांगलीपर्यंत नदी सरकलेली दिसते.

आता नकाशा कसा आहे ते. वरच्या भागात, जी/९ आणि जी/१३ मध्ये, तो फार चांगला आहे. समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने आहेत आणि सह्याद्रीसाठी हे अंतर नेमकं शोभतं. बेसॉल्टचे थर एकावर एक असल्यामुळे इथला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो: कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. नकाशावर तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून जाड पट्टा होतो तो कडा, पट्ट्याच्या वर एकदम मोकळी जागा दिसते तो सडा. महाबळेश्वरच्या पठाराची कड अशीच बोटाने चाचपता येईल इतकी स्पष्ट आहे. या एका शीटवर पाणी कुठे वाटलं जातं तेही दिसतं. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेचं पाणी घेऊन निघतात. सावित्री त्याच डोंगरावरून कोकणात उडी मारते. पूर्वेच्या तिघीही एका दिशेने जात नाहीत. कृष्णा वाईकडे, वेण्णा मेढ्यावरून साताऱ्याकडे, आणि कोयना सह्याद्रीला समांतर सरळ दक्षिणेला. हेळवाकपाशी कोयना काटकोनात पूर्वेला वळते ते वळण बघितल्याशिवाय कोयनाकाठ आणि कृष्णाकाठ ही दोन वेगळी मुलखं का, हे समजत नाही. मधे एक सलग डोंगररांग आहे, आणि कराडपर्यंत ती दोघींना भेटू देत नाही.

के/३ वर प्रीतिसंगम जरूर बघावा. दोन नद्या मिळतात तेव्हा सहसा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. कराडला कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना जवळजवळ तिच्या समोरून, आणि दोघी एकमेकींवर येऊन आदळल्यावर मिळून काटकोनात पूर्वेला निघतात. आकार टी अक्षराचा. दोन सेंटिमीटरच्या जागेत एवढं सगळं छापलंय आणि अगदी स्वच्छ आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्यांवरच्या धरणांचं पाणी एकाच वेळी सुटलं की इथे एकीचं पाणी दुसरीला मागे का रेटतं, हे या आकारावरूनच कळतं.

धरणांबद्दल एक सावधगिरी. खुल्या मालिकेतून संरक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील ठिकाणं वगळायची असं धोरण आहे. त्यामुळे एखादं मोठं बांधकाम जमिनीवर आहे आणि शीटवर नाही, असं झालं तर नकाशा चुकला असं लगेच समजू नये. जलाशयाची कड म्हणून जी निळी रेषा दिसते तीही एका ठरावीक पातळीची असते. धोम किंवा कण्हेरचा मे महिन्यातला काठ त्या रेषेच्या कितीतरी आत असतो, आणि जुन्या गावांच्या जागा उघड्या पडतात त्या या दोन काठांच्या मधे.

या नकाशातली सगळ्यात बोलकी खूण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बारमाही पाण्याचे प्रवाह निळ्या शाईत असतात आणि पावसाळ्यापुरते वाहणारे काळ्या शाईत. कराडपासून भिलवडीपर्यंतच्या शीट जोडून ठेवा आणि नुसते ओढे बघा. पश्चिमेकडून येणाऱ्यांत निळं जास्त, पूर्वेकडून येणाऱ्यांत काळंच काळं. येरळेसारखी लांब नदी, खटाव तालुक्यातून निघून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी, तिचं पात्र रुंद आहे, पण बरंचसं वाळूचं. हीच पर्जन्यछायेची रेघ. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडणारा पाऊस शंभर किलोमीटर पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास येतो. त्या बाजूच्या माणसाला 'तुम्ही कृष्णाकाठचे का?' असं विचारलं तर तो नाही म्हणतो, भले त्याच्या शिवारातलं पाणी शेवटी कृष्णेतच जात असो. भूगोलाच्या पुस्तकात भीमासुद्धा कृष्णेच्याच खोऱ्यात येते, पण पंढरपूरचा माणूस स्वतःला कृष्णाकाठचा म्हणवत नाही. खोरं पाणी वाहतं कुठे यावर ठरतं. काठ ठरतो नदीचं पाणी शेताला आणि पुराचं पाणी घराला लागतं का, यावर.

पिवळा रंग या बाबतीत फसवतो. लागवडीखालची सगळी जमीन सारखी पिवळी. वाळव्याचा ऊस आणि तासगावच्या पूर्वेचा जोंधळा या रंगात एकच दिसतात. फरक ओळखायचा तर विहिरींची दाटी, ओढ्याची शाई आणि वाड्यांमधलं अंतर बघावं लागतं. त्यातही ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी गेल्या काही दशकांत कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेच्या माळावर नेलंय. त्यांचे कालवे शीटवर आहेत की नाहीत हे त्या शीटचं सर्वेक्षण कधीचं यावर अवलंबून. समासात सर्वेक्षणाचं आणि छपाईचं वर्ष वेगवेगळं दिलेलं असतं. बघायचं ते सर्वेक्षणाचं. छपाईचं वर्ष ताजं बघून नकाशाही ताजा समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

क्षारपड जमीन तर नकाशाला माहीतच नाही. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत अतिपाण्याने जमिनी चोपण होऊन पडून आहेत. शीटवर त्याही पिवळ्याच. शेती बघण्यासाठी हा नकाशा घेणार असाल तर घेऊ नका.

आता खालचा काठ, म्हणजे एल/५, एल/९ आणि एल/१०. कराडपासून सांगलीपर्यंत नदी इतकी संथ उतरते की तिला ओलांडणारी समोच्च रेषा शोधायला बोट झिजतं; एखाददुसरीच सापडते. दोन्ही बाजूंना कोरं पिवळं मैदान, त्यात नागमोडी निळी रेघ. नकाशा बघून वाटतं, इथे उंचसखल काहीच नाही. पण कृष्णाकाठचं सगळं गणित या न दिसणाऱ्या उंचसखलतेवर चालतं.

हिशोब करून बघा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. म्हणजे इशाऱ्यापासून शहर बुडवणाऱ्या महापुरापर्यंत सगळं मिळून सतरा-अठरा फुटांचा खेळ, जेमतेम साडेपाच मीटर. दोन समोच्च रेषांमधलं अंतर वीस मीटर, म्हणजे पासष्ट फूट. २०१९ चा सगळा महापूर, कोरड्या गल्लीसह आणि बुडालेल्या गल्लीसह, नकाशाच्या दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावतो. कोल्हापूरचीही तीच गत. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ आणि धोका ४३ फुटांवर. हे चार फूट म्हणजे सव्वा मीटर, नकाशाच्या अंतराचा सोळावा भाग. जुन्या इंच-मैल नकाशांवर रेषा पन्नास फुटांच्या होत्या, म्हणजे पंधरा मीटरच्या. मेट्रिक झाल्यावर सपाट प्रदेशासाठी नकाशा उलट विरळ झाला.

म्हणून पूररेषा ठरवायला, प्लॉट घ्यायला, घराची जोती किती उचलायची हे काढायला या शीट वापरू नयेत. त्यासाठी जलसंपदा विभागाचे निळ्या आणि लाल रेषेचे नकाशे असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. टोपोशीटवर यातली कुठलीच रेषा नसते. टोपोशीटवरची नदी ही पाऊस ओसरल्यानंतरची, पात्रात मावलेली नदी आहे.

तरीही या कोऱ्या जागेत काही बारीक खुणा आहेत, आणि त्यांच्यासाठी शीट जवळ धरून वाचावी. नदीच्या दरडीपाशी छोट्या आकड्यापुढे इंग्रजी आर असं छापलेलं असतं. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, शेजारच्या जमिनीपासूनची. 'आठ आर' म्हणजे दरड पाण्याकडे आठ मीटर उतरते. हे आकडे काठाने ओळीत वाचत गेलं तर एक गोष्ट दिसते: वळणाच्या बाहेरच्या अंगाला दरड उंच, आतल्या अंगाला आकडाच नाही किंवा अगदी लहान. बाहेरच्या अंगाला नदी माती कापते, आतल्या अंगाला गाळ टाकते. हा आतला गाळाचा पट्टा म्हणजे मळी. आणि जुनी गावठाणं, नकाशावरचे लाल ठोकळे, जास्त करून उंच दरडीच्या बाजूला बसलेली सापडतात. मळीत मळे आणि दरडीवर गाव, ही वस्तीची जुनी रीत त्या दोन-तीन आकड्यांवरून उलगडते. नवी वस्ती कुठे सरकलीय हे मात्र सॅटेलाइट चित्रावरच दिसेल. नवी लाल घरं मळीत दिसली तर पुढचं सांगायला नको.

दुसरी खूण ओताची. पुराचं पाणी काठ ओलांडून आत शिरतं त्याआधी ते ओतांमधून उलटं चढतं. नकाशावर ओत म्हणजे नदीला मिळणारी एक लहानशी काळी रेघ, बिननावाची. एल/९ वर सांगलीभोवतीच्या अशा सगळ्या रेघांवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. गावाकडे शिरणारी प्रत्येक रेघ पुराचा दरवाजा आहे, आणि नंतरच्या बांधकामांनी यातल्या कित्येक बुजवल्यात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन रेघ आहे की नाही एवढं तपासलं तरी शीटचे पैसे वसूल, मोफत असली तरी.

बंधाऱ्यांचं काम अर्धवट आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नकाशावर नदीला आडवी रेघ म्हणून येतो, तोही सर्वेक्षणाच्या वेळी असेल तर. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत की काढलेत यावर नदीची रुंदी आणि बंधाऱ्यावरून पलीकडे जायची वाट दोन्ही ठरतात, पण ते नकाशा सांगू शकत नाही. पावसाळा संपल्यावर बरगे बसतात, पावसाआधी निघतात, आणि मधल्या काळात बंधाऱ्यावरून मोटरसायकल जाते. पाणंदींबद्दलही सावध राहावं. तुटक रेघेने दाखवलेली पाणंद अनेक ठिकाणी शेतात गेलीय, तर काही ठिकाणी तिचा डांबरी रस्ता झालाय.

नरसोबावाडी एल/१० वर संगमाच्या कोपऱ्यात देवळाच्या इवल्याशा काळ्या खुणेने दाखवलीय. उत्तरेकडून कृष्णा, पश्चिमेकडून पंचगंगा. पूर चढला की पाणी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, आणि लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला येतात. त्या दाराची उंची कुठल्याच शीटवर नाही. पण त्या भागातल्या माणसाला पाण्याची पातळी विचारली तर तो मीटरमध्ये सांगत नाही: दक्षिणद्वार झालं का, आयर्विनला किती फूट, कोल्हापुरात पाणी मच्छिंद्रीच्या पूरखुणेला लागलं का, असंच बोलतो. शीट वापरणाऱ्याने या तीन जागा नकाशावर ठळक करून त्यांच्यासमोर लोकांच्या मापाचे आकडे लिहून ठेवावेत. मग सांगलीतल्या बातमीचा अर्थ नकाशावर लागतो.

नावांचा घोळ वेगळा. नकाशा इंग्रजीत आहे आणि लिप्यंतराची विभागाची स्वतःची रीत आहे. व साठी बहुधा व्ही असतो, त्यामुळे डब्ल्यूने 'वाडी' शोधणाऱ्याला ती सापडत नाही. खुर्द आणि बुद्रुक यांची दोन-दोन अक्षरी इंग्रजी रूपं असतात. एकाच नावाची दोन गावं नदीच्या दोन काठांवर असली की त्या दोन अक्षरांवरच सगळं अवलंबून. ळ आणि ल, ण आणि न यांत फरक राहत नाही. शिरोळ आणि शिरोली ही कोल्हापूर जिल्ह्यातली दोन वेगळी गावं, आणि इंग्रजीत त्यांच्यात एका शेवटच्या अक्षराचं अंतर उरतं. पेन्सिलीने देवनागरी नाव शेजारी लिहिणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. कृष्णाकाठ, वारणाकाठ, माणदेश ही नावं मात्र कितीही शोधली तरी हाती लागणार नाहीत. ती लोकांच्या बोलण्यात आहेत.

सीमांचंही तसंच. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला आत्ताचं नाव मिळालं. त्याआधी याच काठावर सांगली, मिरज, कुरुंदवाड, औंध अशी संस्थानं आणि इंग्रजी मुलूख यांचे तुकडे एकमेकांत अडकलेले होते. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर अगदी अलीकडचे, म्हणून जुन्या शीटवर पलूस तासगावात आणि कडेगाव खानापुरात दिसेल. हद्दी बदलत राहिल्या आणि नदी होती तिथेच राहिली, म्हणूनच या भागातला माणूस ओळख सांगताना जिल्ह्याआधी काठाचं नाव घेतो.

संगणकावर शीट जोडायच्या असतील तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुरतं. पीडीएफ ३०० डीपीआयवर चित्रात बदलावी. एक बिंदू म्हणजे जमिनीवरचे साधारण सव्वाचार मीटर, याहून बारीक करून फायदा नाही, फाइल तेवढी फुगते. चित्र जमिनीवरच्या जागेशी जुळवणाऱ्या त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यायचे, आणि कडेवर पाच-पाच मिनिटांच्या खुणा असतात त्यांतल्या दोन-चार तपासणीसाठी घ्यायच्या. खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएम प्रक्षेपणावर आहे. आपला पट्टा ४३ उत्तर, कोड ३२६४३. जुनी छापील शीट स्कॅन केली असेल तर ती एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, असते. तिला डब्ल्यूजीएस-८४ चीच सेटिंग ठेवली तर सगळी नदी शंभरएक मीटर सरकते, आणि घाट पाण्यात नाहीतर पाणी देवळात दिसतं. दहाही शीट जोडण्याआधी समास कापून टाकावा, नाहीतर एकीची सूची दुसरीच्या गावांवर बसते. के/८ आणि एल/५ च्या सांध्यावर नदी जुळते का ते मोठं करून बघावं. शेजारच्या शीटचं सर्वेक्षण वेगळ्या वर्षी झालं असेल तर वाळूचा पट्टा किंवा रस्ता तिथे तुटलेला दिसतो, आणि तो दोष जोडणीचा नसतो.

एल/१० च्या पुढे नदी कर्नाटकात जाते. पुढची शीट एल/१४. पावसाळ्यात तिथल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून, म्हणजे धरणामागे साचत मागे येणाऱ्या पाण्यावरून, दरवर्षी वाद होतो, आणि हमखास कोणीतरी टोपोशीट पुढे करतं. अलमट्टी ४७ पी मध्ये आहे, पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर, म्हणजे नकाशावरच्या ५२० च्या रेषेला जवळपास चिकटलेली. ती रेषा नदीला कुठे ओलांडते ते बघितलं की धरण भरलेलं आणि नदी संथ असताना पाणी कुठवर साचेल, एवढं कळतं. महापुरात नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो. लाखो क्युसेक पाणी वाहत असताना तो वरच्या बाजूला चढत जातो, आणि किती चढतो हे पात्राची रुंदी, वळणं, मधले बंधारे, पूल आणि त्यांचे भराव यांवर ठरतं. ५२० ची रेषा बोटाने दाखवून 'फुगवटा इथेच संपतो' किंवा 'सांगलीपर्यंत येतो' असं दोन्हीकडचे लोक म्हणतात, आणि वीस मीटर अंतराच्या या शीटवरून दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी पात्राचे आडवे छेद लागतात.